वाया घालवण्यापुरती हवा

अभियांत्रिकीला कॉम्प्युटर नेटवर्क्स हा विषय घेतलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं, तरी दोन आकडे सांगता येतात. १८.४ टक्के आणि ३६.८ टक्के. पहिला ‘प्युअर अलोहा’चा, दुसरा ‘स्लॉटेड अलोहा’चा. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न आहे: सूत्र मांडा, आलेख काढा, कमाल कार्यक्षमता सिद्ध करा. पाठ्यपुस्तकात हा भाग जेमतेम दीड-दोन पानांचा असतो, आणि त्याचा सूर एखाद्या गरीब पूर्वजाची ओळख करून द्यावी तसा असतो. आधी अलोहा होतं, ते १८ टक्क्यांवर अडलं. मग सुधारणा झाली. मग इथरनेट आलं, वायफाय आलं आणि सगळं छान झालं.

गेली पाच-सहा वर्षं मी सर्व्हरचं सॉफ्टवेअर लिहिते. त्यात सगळ्यात जास्त वेळा लिहावा लागणारा तुकडा कुठला, तर विनंती फसली की थोडं थांबा, किती थांबायचं ते फासे टाकून ठरवा, आणि पुन्हा पाठवा. फासे न टाकता सगळ्यांना सारखंच थांबायला लावलं, तर हजारो यंत्रं एकाच क्षणी पुन्हा दारात येऊन धडकतात आणि आधीच दमलेला सर्व्हर पूर्ण झोपतो. हे कुणी पहिल्यांदा अमलात आणलं याचा माग काढत मी अलोहाच्या मूळ लेखांपर्यंत पोचले. ते वाचताना पाठ्यपुस्तकाने कधी न विचारलेला एक प्रश्न समोर आला. शंभरातला ८२ भाग वाया जाणार हे कागदावर आधीच सिद्ध झालेलं जाळं बांधायची परवानगी या माणसांना मिळाली कशी?

त्याचं उत्तर गणितात नाही. हवा कुणाच्या मालकीची होती, यात आहे.

नॉर्मन अब्रॅमसन मूळचा बॉस्टनचा. हार्वर्डला भौतिकशास्त्र, स्टॅनफर्डला १९५८ साली डॉक्टरेट. पुढे जपानला जाताना वाटेत होनोलुलूला थांबला, भाड्याने सर्फबोर्ड घेऊन लाटांवर गेला आणि काही वर्षांतच तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक म्हणून रुजू झाला. हा किस्सा इतक्या वेळा सांगितला जातो, की सगळा शोध जणू समुद्रावर सुचला असं वाटावं. प्रत्यक्षात तिथे माहितीशास्त्रातली भरभक्कम मंडळी जमली होती. आज प्रत्येक फाइल आणि प्रत्येक पॅकेट तपासायला जी सीआरसी पद्धत वापरतात, ती मांडणारा वेस्ली पीटरसन त्याच विद्यापीठात होता. फ्रँक कुओ आणि रिचर्ड बाइंडर होते. सप्टेंबर १९६८मध्ये त्यांनी ‘अलोहा सिस्टिम’ हा प्रकल्प सुरू केला. पैसा अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा, म्हणजे ‘आर्पा’चा.

अडचण भूगोलाची होती. विद्यापीठाचा मोठा संगणक, एक आयबीएम ३६०/६५, ओआहू बेटावर मानोआच्या खोऱ्यात. विद्यापीठाची दुसरी शाखा हिलोला, निराळ्या बेटावर. शिवाय इतर बेटांवर विखुरलेली कम्युनिटी कॉलेजं. तिथल्या लोकांनी हा संगणक वापरायचा कसा? त्या काळचं उत्तर एकच होतं: टेलिफोनची तार. पण ती महाग, आवाजाने भरलेली, आणि मुळात दुसऱ्याच कामासाठी आखलेली. फोनवर दोन माणसं बोलतात तेव्हा तार बराच वेळ भरलेली असते. संगणकाशी बोलणारा माणूस एक ओळ टाइप करतो, मग डोकं खाजवतो, चहा पितो, मग दुसरी ओळ टाइप करतो. या सगळ्या वेळात तार अडवलेली आणि मीटर चालू. बहुतेक वेळ गप्प असणाऱ्या माणसासाठी अख्खी वाट राखून ठेवणं हाच मूळ उधळेपणा आहे, असं अब्रॅमसनचं म्हणणं होतं.

तारेऐवजी रेडिओ वापरायचा, इथपर्यंत नवल काही नव्हतं. पण तेव्हाचा कुठलाही दळणवळण अभियंता लगेच हवेच्या चकत्या पाडायला बसला असता. प्रत्येकाला एक छोटी फ्रीक्वेन्सी, किंवा प्रत्येकाला ठरलेल्या वेळेचा तुकडा. एसटीच्या आरक्षित सीटसारखं. बसा किंवा बसू नका, सीट तुमचीच. अलोहाने आरक्षणच रद्द केलं. येण्याच्या वाटेला एक वाहिनी, ४०७.३५० मेगाहर्ट्झवर. जाण्याच्या वाटेला दुसरी, ४१३.४७५वर. दोन्हींची रुंदी १०० किलोहर्ट्झ, वेग सेकंदाला ९,६०० बिट. ज्याला काही सांगायचं असेल त्याने ते ताबडतोब पहिल्या वाहिनीवर पाठवून द्यायचं. कुणाला विचारायचं नाही.

लग्नाच्या पंगतीत वाढप्याला हाक मारावी तसं हे आहे. एकट्याने मारलेली हाक ऐकू जाते आणि वाढपी मान डोलावतो. दोघांनी एकदम मारली तर त्याला नुसता गोंगाट ऐकू येतो आणि तो पुढे निघून जातो. मान डोलावलेली दिसली नाही की समजायचं, आपली हाक वाया गेली. मग थोडं थांबून पुन्हा. दोघंही सारखंच थांबले तर पुन्हा एकदमच ओरडतील, म्हणून किती थांबायचं ते प्रत्येकाने आपापलं, नशिबावर सोडून ठरवायचं. आपण बोलत असताना दुसरं कुणी बोलतंय का, हे ऐकण्याची सोय इथे नव्हतीच. टर्मिनल एका फ्रीक्वेन्सीवर बोलत आणि दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर ऐकत, आणि मध्ये ज्वालामुखींचे डोंगर. एकमेकांचं काही ऐकू येणारच नाही, हे गृहीत धरूनच सगळा हिशेब मांडला होता.

तो हिशेब असा. एक पॅकेट ७०४ बिटांचं: ३२ बिटांचा माथा, त्याच्या तपासणीचे १६, मजकुराचे ८० अक्षरांपुरते ६४० आणि शेवटी पुन्हा तपासणीचे १६. ९,६००च्या वेगाने ते जायला साधारण ७३ मिलिसेकंद लागतात. माझ्या पॅकेटच्या आधीच्या ७३ मिलिसेकंदांत कुणी सुरुवात केली असेल तर त्याचं शेपूट माझ्यावर आपटेल; माझं चालू असताना कुणी सुरू केलं तर त्याचं डोकं आपटेल. म्हणजे धोक्याची खिडकी पॅकेटच्या दुप्पट. हा दुपटीचा आकडा सूत्रात गेला की परीक्षेतलं उत्तर बाहेर पडतं: एक भागिले दोन ई, म्हणजे १८.४ टक्के. ९,६०० बिटांच्या वाहिनीतून जास्तीत जास्त पावणेदोन हजार कामाचे. बाकी शांतता किंवा टक्कर.

आता हा आकडा टेलिफोन कंपनीच्या साहेबापुढे ठेवून बघा. विकलेल्या मालातला ८२ टक्के माल फेकून द्या, असं सांगण्यासारखं आहे ते. पण अब्रॅमसन वाहिनी विकत नव्हता. तो विचारत होता, की या गोंधळात किती माणसांचं काम चालेल? १९७०च्या लेखात, आधी योजलेल्या अधिक वेगवान वाहिनीसाठी, उत्तर होतं तीनशेच्या वर. एकाच वाहिनीवर, कुणाच्याही पूर्वपरवानगीशिवाय, कुणीही कधीही यावं. शिवाय टकरीची भीती फक्त येण्याच्या वाटेवर. संगणकाकडून परत जाणाऱ्या वाटेवर बोलणारा एकटाच, तिथे टक्कर कसली? माणूस टाइप करणार ओळभर, संगणक उत्तर देणार पानभर. जिथे कमी माल जातो तिथे उधळपट्टी चालवून घेतली आणि जिथे जास्त जातो ती वाट मोकळी ठेवली. मला यातला व्यवहारीपणा सूत्रापेक्षा जास्त आवडतो, आणि पाठ्यपुस्तकातून नेमका तोच गळून पडलाय.

जून १९७१मध्ये पहिलं टर्मिनल बोलू लागलं. मानोआतल्या मध्यवर्ती यंत्राला, जो एक छोटा एचपी संगणक होता, त्यांनी ‘मेनेहुने’ असं नाव दिलं. रात्रीतून तळी आणि बांध बांधून पहाटेआधी नाहीशा होणाऱ्या बुटक्या माणसांच्या हवाईयन लोककथा आहेत, ते मेनेहुने. त्यात एक कोटीही होती: अर्पानेटवरच्या अशाच यंत्रांना ‘इम्प’ म्हणत, आणि इंग्रजीत इम्प म्हणजे खोडकर बुटका.

त्या अर्पानेटला अलोहा जोडलं गेल्याची हकीकत अब्रॅमसनने स्वतः लिहून ठेवली आहे. १९७२मध्ये तो आर्पाच्या लॅरी रॉबर्ट्सच्या कार्यालयात बसला होता. फळ्यावर यादी होती: कुठल्या ठिकाणी कुठल्या तारखेला इम्प बसवायचा. रॉबर्ट्स कशासाठी तरी बाहेर गेला. अब्रॅमसनने खडू उचलला, यादीत ‘अलोहा सिस्टिम’ लिहिलं आणि पुढे मनाला येईल ती तारीख टाकली: १७ डिसेंबर. रॉबर्ट्स परतला, दुसऱ्याच विषयांवर बोलणं झालं आणि अब्रॅमसन हे विसरूनही गेला. डिसेंबर उजाडायच्या सुमारास फोन आला: यंत्र पाठवतोय, जागा तयार ठेवा. १७ डिसेंबर १९७२ला उपग्रहाच्या वाहिनीवरून हवाई अर्पानेटला जोडलं गेलं. आज सरकारी प्रकल्पाचं एक वळण घेताना किती सह्या लागतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी ही गोष्ट सावकाश वाचावी.

याच रॉबर्ट्सने अलोहाला दुसरा आकडा दिला. त्याने सुचवलं, की हवं तेव्हा नको, घड्याळाच्या ठोक्यावरच बोला. मग अर्धवट टक्कर उरत नाही, धोक्याची खिडकी निम्मी होते आणि कार्यक्षमता दुप्पट. हे झालं स्लॉटेड अलोहा.

त्यापुढचा टप्पा प्रसिद्ध आहे म्हणून झरझर सांगते. बॉब मेटकाफ नावाच्या विद्यार्थ्याचा प्रबंध हार्वर्डने नाकारला होता. वॉशिंग्टनला मित्राकडे मुक्कामी असताना त्याच्या हाती अब्रॅमसनचा १९७०चा लेख पडला. त्याला त्यातलं एक गृहीतक खटकलं. उत्तर मिळालं नाही तरी लोक टाइप करतच राहतात, असं सूत्र मानतं. खरी माणसं थांबतात. त्याने हिशेब सुधारला, हवाईला जाऊन आला, तो भाग प्रबंधात घातला आणि १९७३मध्ये पदवी मिळवली. त्याच वर्षी २२ मेला झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात त्याने एक टिपण लिहिलं आणि ‘ऑल्टो अलोहा नेटवर्क’ या कल्पनेला नवं नाव दिलं: इथरनेट. टक्कर वाढेल तसं थांबणंही वाढवत न्यायचं, हे त्यात होतं. माझ्या सर्व्हरमधला तो तुकडा थेट याच घराण्यातला.

पण इथे एक विचित्र गोष्ट घडली, आणि इतिहास सांगताना ती सहसा कुणी थांबून पाहत नाही. हवेतून जन्मलेली कल्पना तारेत शिरली. इथरनेटचा ‘ईथर’ म्हणजे तांब्याची केबल. अलोहाचा निधी सत्तरच्या दशकाच्या मध्यावर संपला, जाळं बंद पडलं आणि संगणकांसाठी बिनतारी अलोहा बाजारात आलंच नाही. तंत्र कमी पडलं म्हणून असं झालं नाही. हवाईतल्या त्या दोन फ्रीक्वेन्सी एका प्रयोगापुरत्या होत्या. बाहेरच्या जगात संगणकांनी एकमेकांशी बोलावं म्हणून मोकळी ठेवलेली हवाच नव्हती. केबलला परवाना लागत नाही. आपल्या इमारतीतली तार आपली असते.

(जाता जाता: आपली वर्तमानपत्रं स्पेक्ट्रमला ‘ध्वनिलहरी’ म्हणतात. रेडिओलहरींचा ध्वनीशी काही संबंध नाही. लिलावाच्या बातम्यांत ध्वनिलहरी विकल्याचं वाचलं की मला भीमसेनांची तान हातोडा मारून विकतायत असं वाटतं.)

हवा मोकळी व्हायला १९८५ उजाडावं लागलं. त्या वर्षी अमेरिकी दळणवळण आयोगाने तीन पट्ट्यांमध्ये, विशिष्ट तंत्र वापरून आणि कमी शक्तीने, विनापरवाना बोलायला मुभा दिली. त्यातला एक पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. औद्योगिक यंत्रांसाठी आणि मायक्रोवेव्ह ओव्हनसाठी सोडलेली, दळणवळणवाल्यांच्या लेखी जवळजवळ टाकाऊ जमीन. वायफाय तिथेच उगवलं. आणि विद्यापीठांना पुन्हा एकदा स्वतःचं बिनतारी जाळं उभारता येऊ लागलं. खासगी जाळं म्हणतात ते हेच. कंपनीच्या मालकीचं या अर्थाने नव्हे, तर ज्याची दोन्ही टोकं संशोधकांच्याच हातात आहेत आणि ज्याचे नियम ते बदलू शकतात, या अर्थाने.

त्यातलं मला सगळ्यात आवडणारं जाळं दक्षिण कॅलिफोर्नियातलं आहे. सॅन डिएगोच्या विद्यापीठात हान्स-वर्नर ब्राउन आणि फ्रँक व्हर्नन या दोघांनी २०००मध्ये राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या पैशातून ते सुरू केलं. नाव लांबलचक, संक्षेप ‘एचपीरेन’. ब्राउन हा आधीच्या राष्ट्रीय इंटरनेट कण्याच्या उभारणीतला माणूस. व्हर्नन भूकंपशास्त्रज्ञ, त्याची यंत्रं फॉल्टलाइनवर रानोमाळ पुरलेली. सॅन डिएगो शहरात तारा हव्या तितक्या होत्या. पण संशोधनाच्या जागा शहरात नसतात. दुर्बिणी अंधारात असतात, भूकंपमापक निर्जन जागी, पर्यावरणाची निरीक्षणं जंगलात. तिथे कुठली कंपनी केबल टाकणार आणि कुणासाठी? म्हणून डोंगरमाथ्यांवर मनोरे, एका माथ्यावरून दुसऱ्यावर रेडिओ, सेकंदाला ४५ मेगाबिट. त्या काळात आपल्याकडे घरी मोडेम कुरकुरत असायचा.

पॅलोमारची वेधशाळा या जाळ्याला जोडली गेली आणि काय बदललं ते एका तारखेत दिसतं. २४ ऑगस्ट २०११. पॅलोमारच्या एका दुर्बिणीची छायाचित्रं या रेडिओजाळ्यावरून उतरून बर्कलीच्या संगणकांकडे जात, आणि ते आदल्या चित्रांशी ताडून नवं काही दिसतंय का हे शोधत. त्या दिवशी एम १०१ या दीर्घिकेत, २.१ कोटी प्रकाशवर्षांवर, एक ठिपका सापडला. तो सुपरनोव्हा होता, आणि पहिलं चित्र स्फोटाचा प्रकाश इथे पोचायला लागल्यापासून अवघ्या ११ तासांच्या आसपासचं निघालं. त्या जातीचा तारा इतक्या कोवळ्या अवस्थेत तोवर कुणी पाहिला नव्हता. चित्रं आठवड्याने पोचली असती तरी तारा सापडला असता, पण ते पहिले तास हातचे गेले असते.

दुसरी गोष्ट कुणी ठरवून केलेली नाही. डोंगरमाथ्यांवर मनोरे होते, वीज होती, जाळं होतं. संशोधकांनी तिथे कॅमेरेही लावले. २००३च्या ऑक्टोबरात याच परगण्यात ‘सीडर फायर’ नावाचा वणवा पेटला. २,७३,००० एकर जळून गेलं, १५ माणसं मेली. त्या वर्षीपासून वणवा विझवणाऱ्यांच्या रानातल्या छावण्यांनाही हे जाळं जोडलं जाऊ लागलं, आणि वैज्ञानिकांच्या कॅमेऱ्यांकडे अग्निशामक दल रोज पाहू लागलं. आता कॅलिफोर्नियाभर वणव्यांवर नजर ठेवणारे असे हजारावर कॅमेरे आहेत. त्याच मनोऱ्यांच्या वाटेवर मूलनिवासी जमातींच्या राखीव वसाहती होत्या: पाला, रिंकोन, ला होया. तिथेही फोन कंपन्यांना धंदा दिसत नव्हता. एचपीरेनने त्यांच्या शिक्षणकेंद्रांना जोडून घेतलं, आणि थोड्याच काळात जमातींनी ‘ट्रायबल डिजिटल व्हिलेज’ नावाचं स्वतःचं जाळं उभारलं. मनोऱ्यावर चढायला, अँटेना वळवायला तिथलीच माणसं शिकली.

आपल्याकडे याच सुमारास कानपूरला एक प्रयोग चालू होता. आयआयटी कानपूरच्या प्रवीण भागवत, भास्करन रामन आणि धीरज संघी यांनी गंगेच्या सपाट मैदानात गावोगावी वायफाय न्यायचं ठरवलं. प्रकल्पाचं नाव ‘डिजिटल गँजेटिक प्लेन्स’. वायफाय बनलं होतं खोलीभर अंतरासाठी. यांनी तीच बाजारात मिळणारी स्वस्त कार्डं घेतली, त्यांना जाळीदार तव्यासारख्या अँटेना लावल्या आणि काही दुवे कित्येक किलोमीटर लांब नेले. लवकरच कळलं, की रेडिओ स्वस्त आहे, महाग आहे तो उंच लोखंडी मनोरा. हे कागदावर सुचत नाही. मनोऱ्याचं बिल आल्यावर कळतं.

दुसरी अडचण अलोहाच्या वारशाची होती. वायफाय हे अलोहाचं नातवंड: बोलण्याआधी कानोसा घे, टक्कर झाली तर थांबून पुन्हा बोल. पण मनोऱ्यावर तीन दिशांना तीन रेडिओ बांधले, की एक बोलायला लागल्यावर शेजारचे दोघे त्याचाच आवाज ऐकून गप्प बसतात, वास्तविक त्यांची बोलणी वेगळ्या गावांशी असतात. रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी २००५मध्ये यावर उपाय मांडला: मनोऱ्यावरच्या सगळ्यांनी एकदम बोलायचं, मग सगळ्यांनी एकदम ऐकायचं, आळीपाळीने. फासे बंद, पाळी सुरू. पंगतीतल्या हाकांच्या जागी भजनातली टाळी आली. हवाईत जे शहाणपण होतं ते गंगेकाठी अडथळा ठरलं आणि जाळं स्वतःचं असल्यामुळेच ते उपटून टाकता आलं. विकत घेतलेल्या सेवेत तुम्ही तक्रार नोंदवू शकता, नियम बदलू शकत नाही. याच कल्पनेला पुढे नेऊन बर्कलीच्या एका गटाने तामिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाला आसपासच्या गावांतली तपासणी केंद्रं लांब पल्ल्याच्या वायफायने जोडून दिली. हजारो माणसांचे डोळे त्या दुव्यांवरून, पडद्यावरच्या डॉक्टरने तपासले.

एक लक्षात घ्यायला हवं. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरही विनापरवाना वापरायची सर्वसाधारण मुभा भारतात जानेवारी २००५मध्ये मिळाली. अमेरिकेनंतर जवळजवळ २० वर्षांनी.

महाराष्ट्रातलं उदाहरण पालघरचं. आयआयटी मुंबईत अभय करंदीकर आणि सहकाऱ्यांनी एक साधा हिशेब केला. आपल्याकडे अँटेनावरून टीव्ही दाखवणारं एकटं दूरदर्शन. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ हा १२० मेगाहर्ट्झचा पट्टा त्याच्यासाठी राखलेला. देशभरातल्या मनोऱ्यांचे आकडे मांडल्यावर दिसलं, की त्यातला सरासरी १०० मेगाहर्ट्झहून अधिक भाग कुठेही पाहिलं तरी रिकामा आहे. शिवाय या लहरी झाडांतून, टेकड्यांआडून जातात. वायफायला एक आंब्याचं झाड पुरतं. प्रयोगापुरता परवाना घेऊन त्यांनी खामलोली आणि आसपासच्या सात गावांत त्या रिकाम्या टीव्ही वाहिन्यांवर जाळं चालवलं. मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवर, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. पुढे हाच ‘ग्राममार्ग’ प्रकल्प २०१७मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत अव्वल ठरला.

प्रयोगाचा परवाना हा प्रयोगाचाच असतो. हवाईत तेच झालं होतं.

स्पेक्ट्रम फुकट वाटावा असं माझं म्हणणं नाही. २०२२च्या ५जी लिलावातून सरकारला दीड लाख कोटी रुपयांची बोली मिळाली. हा पैसा खोटा नाही, आणि ज्याने इतके मोजले तो एकही टक्का वाया घालवू देणार नाही, हेही रास्त आहे. माझी अडचण वेगळी आहे. १८.४ टक्के हा आकडा लिलावात घेतलेल्या हवेवर कुणी कधीच सहन केला नसता, आणि तो सहन केला गेला नसता तर इथरनेटही नव्हतं, वायफायही नव्हतं. त्या लिलावात उतरलेल्या कंपन्यांची आजची सगळी यंत्रणाही फोन पहिल्यांदा मनोऱ्याला हाक मारतो तिथे अलोहाच वापरते. फोन चालू करून जाळ्यात शिरताना तुमचं यंत्र आजही फासे टाकतं.

अमेरिकेने २०१९मध्ये यावर एक तोड काढली. सॉल्ट लेक सिटी आणि न्यूयॉर्कचे काही भाग ‘नवोन्मेष क्षेत्र’ म्हणून जाहीर केले, जिथे विद्यापीठांच्या चाचणी-जाळ्यांना दर प्रयोगाला नवा परवाना मागावा लागत नाही. आपल्याकडे जून २०२२मध्ये खासगी बंदिस्त जाळ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांना स्पेक्ट्रम थेट द्यायला दूरसंचार कंपन्यांचा विरोध. आम्ही लिलावात घ्यायचं आणि यांना थेट का, असा त्यांचा मुद्दा. ऑक्टोबर २०२३मध्ये देशभरातल्या १०० शिक्षणसंस्थांना ५जी प्रयोगशाळा जाहीर झाल्या.

माझी एक मैत्रीण एका अभियांत्रिकी महाविद्यालयात बिनतारी जाळ्यांवर संशोधन करते. मागच्या महिन्यात तिने मला तिची मांडणी दाखवली. टेबलावर छोटं बेस स्टेशन, समोर दोन मोबाइल, सगळं एका पत्र्याच्या पेटीत, झाकण गच्च लावलेलं, एकही लहर बाहेर जाऊ नये म्हणून. बेस स्टेशनच्या अँटेना काढून ठेवलेल्या होत्या. त्या जागी काळ्या केबली पिळून बसवलेल्या, मध्ये सिग्नल मुद्दाम क्षीण करणारे पितळी तुकडे, म्हणजे अंतराचा भास व्हावा. “यातला एक तुकडा म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर,” ती म्हणाली, आणि दुसरा तुकडा जोडून तिने गाव आणखी लांब नेलं.